बीडीएसला जायचंय? मग ‘फिरवलेल्या’ प्रश्नांचा अभ्यास असा करा

दातांचा डॉक्टर व्हायला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या सध्याच्या अभ्यासक्रमात दातांचा धडाच नाही. त्या परीक्षेतून, म्हणजे नीटमधून, पचनसंस्थेचा पाठ वगळला, त्यासोबत कुठल्या प्रकारचे दात किती ते सांगणारं दंतसूत्रही गेलं. आम्ही ते दोन-एक-दोन-तीन असं घोकायचो. आता बीडीएसच्या सीटपर्यंत पोहोचायचं तर विहिरीचा पंप, कपाशीवरची बोंडअळी आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार यातून वाट काढावी लागते. मला स्वतःला यात काही वाईट वाटत नाही. दंतसूत्र पाठ असलेल्या पोरापेक्षा पाणी वर का चढतं हे सांगू शकणारं पोर पुढे जास्त बरं काम करतं.

माझा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावी आहे. संध्याकाळी पेशंट ओसरले की वेटिंगच्या बाकावर अकरावी-बारावीची पोट्टे-पोट्टी येऊन बसतात. लातूर-नांदेडला क्लाससाठी ठेवायची ज्यांच्या घरची ऐपत नाही, अशीच बहुतेक. फी नाही, बोर्ड नाही. सगळ्यांची तक्रार एकच: “ताई, वाचलेलं सगळं येते, पण प्रश्न फिरवला की डोकंच चालत नाही.”

हा लेख त्या फिरवलेल्या प्रश्नांबद्दलच आहे. रोज किती तास बसायचं, पहाटे उठायचं की रात्री जागायचं, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या घरच्या लायटीवर आणि आईच्या कामावर ठरतं.

आधी परीक्षेचा सांगाडा बघून घ्या. एमबीबीएस आणि बीडीएसला परीक्षा एकच. २०२५ पासून पर्यायी प्रश्न गेले. आता १८० प्रश्न, १८० मिनिटं आणि ७२० मार्क. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक जातो. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. परीक्षेच्या हॉलमध्ये बसून कन्सेप्ट नव्याने समजून घ्यायला एक मिनिट पुरत नाही. तो आधीच समजलेला असावा लागतो.

एकच गोष्ट बदला

माझी पद्धत साधी आहे. पुस्तकातलं वाक्य घ्यायचं, त्यातली एकच गोष्ट बदलायची आणि विचारायचं: आता काय होईल? उत्तराला “म्हणून” जोडता आलं तर कन्सेप्ट समजला. नाही आलं तर फक्त वाक्य पाठ झालं.

विहिरीवरची मोटर घ्या. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की बाबा लोक मोटर विहिरीत खाली उतरवतात. दोर, चार माणसं, अर्धा दिवस. सगळ्यांनी हे पाहिलंय, पण हे का करावं लागतं असं विचारलं की बाकावर शांतता.

मी विचारते: पाणी काठापासून ४० फुटांवर आहे. मोटर काठावरच ठेवली आणि पाचच्या जागी दहा हॉर्सपॉवरची आणली, तर पाणी येईल का?

“येईन ना ताई. दुप्पट ताकद हाय.”

नाही येणार. मोटर पाणी ओढत नाही. ती पाइपातली हवा काढून दाब कमी करते. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर पसरलेली बाहेरची हवा. त्या हवेचा दाब साधारण १.०१३ × १०^५ पास्कल. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. पाण्याची घनता १०००, गुरुत्वत्वरण ९.८. भागाकार करा, उंची येते १०.३ मीटर, म्हणजे जवळपास ३४ फूट. यापलीकडे हवा पाण्याला वर ढकलूच शकत नाही, मग वर पाचची मोटर असो की पन्नासची. प्रत्यक्षात पाइपाचं घर्षण, जोडातून शिरणारी हवा आणि पाण्याची वाफ यामुळे ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून वीस-पंचवीस फुटांच्या पुढे गेलं की मोटर खाली न्यावी लागते.

इथवर झालं ते समजावणं. खरा अभ्यास आता सुरू होतो. एकेक गोष्ट बदला:

पाइप दोन इंचीऐवजी चार इंची टाकला तर? उंची तीच. सूत्रात पाइपाची जाडी कुठेच नाही.

पाण्याऐवजी रॉकेल असतं तर? घनता ०.८ पट, म्हणून उंची वाढेल, साधारण १२.९ मीटर.

पारा असता तर? १३.६ पट जड, म्हणून ७६ सेंटिमीटर. हा आकडा तुम्ही बॅरोमीटरच्या पाठात घोकलेला आहे. आता तो विहिरीत सापडला.

हीच विहीर चिखलदऱ्याला असती तर? अकराशे मीटर उंचीवर हवा विरळ, दाब कमी, म्हणून उंची नऊ मीटरच्या आसपास.

आणि सबमर्सिबल? ती पाण्यात बुडालेली असते आणि खालून ढकलते. तिथे हवेच्या दाबाची ही मर्यादा लागूच होत नाही. तिथे मात्र हॉर्सपॉवर मोजायची. बोअर तीनशे फूट असूनही पाणी येतं ते यामुळे.

नीटमध्ये हे असं विचारतील: विधान एक, पोकळीमुळे वर चढणाऱ्या द्रवाची उंची नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. विधान दोन, ती द्रवाच्या घनतेवर अवलंबून असते. विहिरीशी ज्याने झटापट केली, त्याला पहिलं चूक आणि दुसरं बरोबर हे वीस सेकंदांत दिसतं. सूत्र पाठ करून आलेला “क्षेत्रफळ” हा शब्द बघूनच थबकतो, कारण दाबाच्या व्याख्येत त्याने क्षेत्रफळ वाचलेलं असतं.

एका पाठातून अशी चार-पाच वाक्यं निवडा, जास्त नको. प्रत्येक वाक्यातून बदलण्याजोग्या गोष्टी काढा आणि उत्तरं लिहून ठेवा. तोंडी करू नका. तोंडी उत्तर देताना माणूस स्वतःलाच फसवतो आणि “म्हणून” च्या जागी “असंच असते” घुसवून मोकळा होतो.

दातावरचं रसायनशास्त्र

आता माझ्या धंद्यातलं सांगते. धडा गेला तरी दात रसायनशास्त्रात शिल्लक आहे. इक्विलिब्रियम, म्हणजे समतोलाचा पाठ, बहुतेक पोरांना नकोसा वाटतो. मी तो खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन आलेल्या पेशंटच्या दातावरच शिकवते. (पेशंट जरा ओशाळतो. चालतं.)

दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट: कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड. लाळेत त्याचा अगदी थोडा भाग विरघळतो आणि तेवढाच परत बसतो. समतोल. आता साखर खाल्ली. जंतूंनी त्यातून आम्ल केलं. आम्लाचा हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडला पकडून पाणी करतो, फॉस्फेटलाही पकडतो. उजवीकडचे, म्हणजे विरघळलेले, आयन कमी झाले, म्हणून समतोल उजवीकडे सरकला, म्हणून आणखी कवच विरघळलं. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळणं जास्त आणि बसणं कमी. कीड म्हणतात ती इथून सुरू होते.

आता बदला. लाळेत कॅल्शियम वाढलं तर? तोच आयन आधीच जास्त, म्हणून विरघळणं कमी: हा कॉमन आयन इफेक्ट. समतोल डावीकडे, खनिज परत दातावर. झोपेत लाळ कमी झाली तर? आम्ल धुतलं जात नाही, कॅल्शियम-फॉस्फेटचा पुरवठाही घटतो. रात्री ब्रश करा असं मी का सांगते, ते कळलं असेल.

आणि हा मुख्य प्रश्न: आम्ल आल्यावर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा सोल्युबिलिटी प्रॉडक्ट (समतोलात विरघळलेल्या आयनांच्या मात्रांचा गुणाकार) वाढला का?

बाकावरचे बहुतेक हात वर जातात. “वाढला ना, जास्त विरघळलं म्हणजे.” नाही. तो फक्त तापमानावर अवलंबून. विद्राव्यता वाढली, सोल्युबिलिटी प्रॉडक्ट तेवढाच राहिला. हा फरक नीटला फार आवडतो. दरवेळी वेगळं मीठ, वेगळं आम्ल, पण खड्डा तोच.

आमच्या भागात याला पुढचा अंकही आहे. पांढरकवडा, झरी जामणीकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. तिकडच्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. आता पुस्तक सांगतं की फ्लोराइड दात मजबूत करतं. मग हे पट्टे कशाचे? इथे पोरं गोंधळतात आणि मला तो गोंधळ आवडतो. हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड बसलं की फ्लोरॲपेटाइट होतं. ते आम्लात कमी विरघळतं, पीएच साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. ही झाली थोड्या मात्रेची आणि तयार दाताची गोष्ट. पण दात हिरडीच्या आत घडत असतानाच शरीरात फ्लोराइड जास्त गेलं, तर कवच नीट पिकतच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं, हे भारतीय मानक यासाठीच आहे. दोन्ही विधानं खरी. मात्रा आणि वय बदललं की परिणाम बदलला. विधान-कारणाच्या प्रश्नात “दोन्ही खरी” हे उत्तर द्यायला जे भितात, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

बोंडअळीला सवय झाली का?

जीवशास्त्राला ९० प्रश्न, तरी पोरं म्हणतात बायो म्हणजे पाठांतर. निम्मं खरं आहे. एनसीईआरटीची ओळ न् ओळ वाचावीच लागते, तिथे सुटका नाही. पण वाचताना आपल्या वावराशी ताडून बघा.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं, ते तुमच्या घरात कोणीही सांगेल. बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, असून अळी आली. विचारा पोरांना, कशी काय? “अळीले बीटी खाऊन खाऊन सवय झाली, ताई.” हे ऐकायला इतकं पटतं की मोठी माणसंही मान डोलावतात. आणि हे चूक आहे. हा लामार्क झाला: जगताना कमावलेला बदल पिल्लांत उतरतो असं मानणारा. एकेका अळीला सवय होत नाही. लाखो अळ्यांत मुळातच दोन-चार अशा असतात ज्यांच्यावर विष चालत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लं झाली. बदलली ती अख्खी जात, एकटी अळी नाही.

आता बियाण्याच्या पिशवीसोबत पूर्वी यायचं ते छोटं पाकीट आठवा. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साधं बियाणं. ते शेताच्या कडेने पेरायचं असायचं, आणि आपल्याकडे ते बहुतेक बांधावर फेकलं जायचं. सरकारने ते कशासाठी द्यायला लावलं होतं? साध्या झाडांवर विष सहन न होणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकाराचा जनुक विरळ राहावा, यासाठी. एका पाकिटात नैसर्गिक निवड, जनुकांची वारंवारता आणि मेंडेल असे तीन पाठ आले. तुमच्या बाबांना हे समजावून सांगा. ते उलटप्रश्न विचारतील आणि ते प्रश्न कुठल्याही टेस्ट सिरीजपेक्षा कडक असतात.

बीटीचंच आणखी एक. हे विष मुळात ज्या जिवाणूचं, तो स्वतः त्याने का मरत नाही? कारण त्याच्यात ते निष्क्रिय रूपात असतं. अळीच्या आतड्यातल्या अल्कलीत ते विरघळून सक्रिय होतं, पेशींना भोकं पाडतं. बदला: आतड्यात अल्कलीऐवजी आम्ल असतं तर? एवढं एक वाक्य वहीत लिहिलं की ही ओळ परत घोकावी लागणार नाही.

विधान आणि कारण

असर्शन-रीझनचे प्रश्न म्हणजे पोरांचा काळ. चुका ज्ञानाच्या कमी आणि घाईच्या जास्त असतात. मी हात वापरायला लावते. कारणावर हात ठेवा, फक्त विधान वाचा, खरं की खोटं ठरवा. मग विधानावर हात ठेवा, कारण वाचा, ठरवा. दोन्ही खरी निघाली तरच पुढे जा आणि मध्ये “कारण” हा शब्द घालून सलग वाचा. कानाला खटकतं का बघा.

उदाहरण घेऊ. विधान: सिकलसेल हा रिसेसिव्ह आजार आहे. कारण: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. दोन्ही शंभर टक्के खरं. आता जोडून वाचा. व्हॅलीन येतं हे आजार रिसेसिव्ह असण्याचं कारण आहे का? नाही. एक चांगली प्रत असली की भागतं, म्हणून तो रिसेसिव्ह. तेव्हा “दोन्ही खरी, पण योग्य स्पष्टीकरण नाही”.

सिकलसेल आपल्या विदर्भात घराघरात ऐकू येतो, एएस पॅटर्न (एक प्रत बिघडलेली, म्हणजे वाहक), एसएस पॅटर्न (दोन्ही बिघडलेल्या, म्हणजे आजार) हे शब्द गावच्या आशा सेविकांच्याही तोंडी असतात. त्याचा फायदा घ्या. आईवडील दोघंही एएस. पहिलं मूल एसएस. दुसरं एसएस होण्याची शक्यता किती? एक चतुर्थांशच. पहिल्या मुलाने दुसऱ्याचं नशीब बदलत नाही. आता दुसरं मूल तपासलं आणि त्याला आजार नाही असं निघालं. ते वाहक असण्याची शक्यता? अर्धी नव्हे, दोन तृतीयांश. एए, एएस, एएस, एसएस या चार चौकोनांतला एसएसचा चौकोन बाद झाला, उरलेल्या तीनपैकी दोन एएस. जनुकाच्या संकेतात जीएजी चं जीयूजी झालं की आजार येतो, पण जीएए झालं तर? काही होत नाही, कारण जीएए हेही ग्लुटामिक आम्लच आणतं. एकाच आजारावर हे तीन फिरवलेले प्रश्न झाले, आणखी निघतील.

भाषेचं काय?

दहावीपर्यंत मराठी, अकरावीला अचानक इंग्रजी, हा आपल्याकडच्या पोरांचा खरा अडसर. हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही. माझा नियम असा: प्रत्येक कन्सेप्टवर दोन ओळी. पहिली आपल्या बोलीत, “मोटर पाणी ओढत नाई, हवा ढकलते” अशी. दुसरी पुस्तकातल्या इंग्रजीत. पहिलीशिवाय दुसरी लिहायची नाही. विचार घरच्या भाषेत होतो, ओळखायचं मात्र इंग्रजीत असतं.

फॉर्म भरताना मराठी पेपर घेता येतो. त्यात मराठीसोबत इंग्रजी मजकूरही असतो आणि दोन्हींत तफावत निघाली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. माझं मत: अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर इंग्रजीच घ्या. अनुवादातले जड शब्द तुम्ही वर्गात कधी ऐकलेले नसतात, आणि दोन्ही मजकुरांवर डोळे फिरवण्यात वेळ जातो. ही निवड फॉर्म भरतानाच पक्का विचार करून करा.

पुस्तकांसाठी पैसे घालवू नका. एनसीईआरटीची सगळी पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, बसस्टँडजवळ झेरॉक्स निघते. बोर्डाचं पुस्तक बारावीसाठी लागेलच, पण नीटचं बायो एनसीईआरटीच्या शब्दांत विचारतात. मागच्या वर्षांचे पेपर सोडवा. सोडवून झाल्यावर मार्क मोजण्याआधी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा: वाचलंच नव्हतं तर “व”, समजलं नव्हतं तर “स”, घाई झाली तर “घ”. महिन्याने कुठलं अक्षर जास्त दिसतं ते बघा. “स” जास्त असतील तर नवीन पाठ थांबवून तेच पाठ विहिरीसारखे उलटेपालटे करा. “घ” जास्त असतील तर हात ठेवून वाचायचा सराव.

अंदाजाने गोळी मारायची का, हे नेहमी विचारतात. काहीच माहीत नसताना मारली तर सरासरी पाव मार्क मिळतो, नशीब फिरलं तर तोही नाही. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर सरासरी दीड मार्क पदरात पडतो. तेव्हा मारा. पर्याय खोडायला कन्सेप्टच लागतो, हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या महिन्यात पूर्ण पेपर सोडवायचा तो दुपारी दोन ते पाच. खरा पेपर त्याच वेळी असतो, आणि मे महिन्यात त्या वेळी आपल्याकडे कुत्रंही सावली सोडत नाही. सकाळच्या थंडाव्यात सराव करून गेलेलं पोर हॉलमध्ये साडेतीनला पेंगायला लागतं. जेवण हलकं घ्या, पंख्याखाली बसा पण झोपू नका, घड्याळ समोर ठेवा. सेंटर यवतमाळला असो, अमरावतीला की नागपूरला, नेमका पत्ता ॲडमिट कार्डवर कळेल. गेट दीडला बंद होतं, त्यामुळे पहाटेची गाडी धरा. आणि रस्त्यात खर्रा खाणाऱ्या काकाच्या शेजारी सीट मिळाली तर हायड्रॉक्सीॲपेटाइटची उजळणी होईल.